जागा रिकामी, तरी ‘जागा नाही’: २००९ च्या लॅपटॉपवर डेबियन ११ ते १३

तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. तिथे २००९ सालचा १५.६ इंची लॅपटॉप आहे. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी, अनुदानासाठी लागणारी पत्रं आणि अधूनमधून कुणा विद्यार्थ्याचा ऑनलाइन अर्ज, एवढंच त्याचं काम. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस त्यावरचं विंडोज ७ काढून डेबियन ११ (लिनक्सवर आधारित मोफत कार्यप्रणाली) बसवलं होतं. चार वर्षं कुरकूर नव्हती. मग अपडेट करताना पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असं यायला लागलं. फाइल मॅनेजर उघडला तर डिस्कवर दीडशे जीबीहून जास्त जागा रिकामी दिसते, आणि यंत्र म्हणतं जागा नाही.

संगणक जुना झाला, आता टाका, असा सल्ला लगेच मिळतो. इथे दोष यंत्राच्या वयाचा नव्हता. २०२१ मध्ये डिस्कची वाटणी करताना घेतलेला एक निर्णय २०२५ मध्ये भोवला.

(पुढे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या.)

यंत्र

प्रोसेसर इंटेल पेंटियम टी४२००, २ गिगाहर्ट्‌झ, दोन कोअर. चिपसेट जीएम४५, ग्राफिक्स त्यातलंच. रॅम २ जीबी डीडीआर२. हार्डडिस्क २५० जीबी, ५४०० फेऱ्यांची. वायफाय ब्रॉडकॉम बीसीएम४३१२, लॅन मार्व्हल युकॉन. यूईएफआय (यंत्र सुरू करणारी नवी व्यवस्था) नाही, जुनं साधं बायॉस. बॅटरी कधीच गेलेली, म्हणजे चार्जर निघाला की यंत्र तत्क्षणी बंद. ही शेवटची गोष्ट अपग्रेडच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची.

प्रोसेसर ६४-बिट आहे, हे पहिल्यांदा ‘एलएससीपीयू’ने तपासलं. तो ३२-बिट असता तर गोष्ट वेगळ्या रस्त्याने गेली असती: डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेलसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही. फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये ३२-बिट लिनक्सचा हात सोडला. पण नुसतं ६४-बिट असून भागत नाही. या पिढीच्या पेंटियममध्ये एसएसई४.२ हा नंतर आलेला सूचनासंच नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ आणि त्यावरून तयार होणारी अल्मा, रॉकी ही लिनक्सची वितरणं तो नसलेल्या प्रोसेसरवर चालतच नाहीत. डेबियनची ६४-बिट आवृत्ती मात्र अजून पहिल्या पिढीच्या ६४-बिट सूचनासंचावर बांधली जाते. जुन्या यंत्रासाठी डेबियन निवडायचं खरं कारण हे आहे. ‘हलकं’ असणं नंतर. हलकेपणा डेस्कटॉपवर ठरतो, आणि इथे एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे.

दुखणं नेमकं कुठे

डिस्कवरच्या जागेचा हिशेब दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही आज्ञा चालवल्यावर चित्र स्वच्छ झालं. २०२१ मध्ये जुन्या एखाद्या मार्गदर्शिकेवरून हाताने केलेली वाटणी अशी होती: बूटसाठी (यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइली) २५६ एमबीचं वेगळं पार्टिशन म्हणजे डिस्कचा भाग, रूटला (खुद्द प्रणाली) १५ जीबी, स्वॅपला (रॅम अपुरी पडली तर वापरायची जागा) ४ जीबी, उरलेलं सगळं होमला (वापरणाऱ्याच्या फाइली). रिकामी जागा होती ती होममध्ये. बूटचं पार्टिशन १०० टक्के भरलेलं आणि रूटमध्ये जेमतेम ४ जीबी शिल्लक.

बूटमध्ये प्रत्येक कर्नलमागे दोन मोठ्या फाइली बसतात: स्वतः कर्नल आणि त्याची इनिट्रॅमएफएस (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची गाठोडी). दोन्ही मिळून पन्नास-साठ एमबी सहज होतात. जुने कर्नल आपोआप जात नाहीत, ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ कुणी चालवलं तर जातात (ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन). तिथे ते कधीच चाललं नव्हतं. शिवाय इनिट्रॅमएफएस नव्याने बांधताना आधी ‘.न्यू’ शेपटीची दुसरी प्रत तयार होते, ती नीट झाली की मग जुनीची जागा घेते. म्हणजे काही क्षण दोन्ही प्रतींपुरती जागा हवी. ती नसली की कर्नलचं पॅकेज अर्धवट राहतं, आणि त्यानंतर ॲप्टची प्रत्येक फेरी त्याच दगडाला ठेचकाळते.

तात्पुरता इलाज दहा मिनिटांचा होता. ‘यूनेम -आर’ने सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते पाहिलं, ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जुने काढले, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने अर्धवट राहिलेलं पुरं केलं. बूटमधल्या फाइली हाताने पुसायच्या नाहीत. पॅकेज व्यवस्थेला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी ती त्याच फाइली पुन्हा बनवायला जाते.

एवढ्यावर थांबता आलं असतं. डेबियन ११ ला दीर्घकालीन सुरक्षा आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. पण डेबियन १३ (ट्रिक्सी) ९ ऑगस्ट २०२५ ला आलं आणि त्याच्या सूचनांमध्येच लिहिलं आहे की वेगळं बूट पार्टिशन असेल तर ते किमान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात ३०० एमबी मोकळे असावेत. २५६ मध्ये ३०० मोकळे कुठून आणणार! इनिट्रॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ केली तर फाइल बरीच लहान होते, हा उपाय बऱ्याच जणांकडून सुचवला जातो. तो नाकारला. मग त्या फाइलीत फक्त याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर राहतात. उद्या लॅपटॉपचा बोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, तर ती उठेल याची खात्री नाही. वाचनालयाकडे दुसरा बॅकअप नव्हता, त्यामुळे ही सोय गमावणं परवडणारं नव्हतं.

आधी डिस्क बदलायची, मग अपग्रेड

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल -ए’मध्ये जुन्या हार्डडिस्कचे रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर काही होते, करंट पेंडिंग (वाचताना अडलेले, संशयित) शून्य. पेंडिंग शून्य नसते तर साध्या नकलेऐवजी बिघडत्या डिस्कवरून वाचणारं डीडीरेस्क्यू लागलं असतं. डिस्क मेली नव्हती, पण भरवशाचीही नव्हती. मग ठरलं की २४० जीबीची सॅटा एसएसडी घालायची आणि त्याच वेळी वाटणी नव्याने करायची. हा क्रम मुद्दाम निवडला. नक्कल झाल्यावर जुनी डिस्क हात न लावता बाजूला राहते, आणि अपग्रेडमध्ये काहीही बिघडलं तरी चार स्क्रू काढून वाचनालय दुसऱ्या दिवशी सुरू.

पहिला अडथळा आकड्यांचा. २५० जीबीच्या डिस्कमध्ये ४८,८३,९७,१६८ सेक्टर असतात, २४० जीबीच्या एसएसडीमध्ये ४६,८८,६२,१२८. सेक्टरवर सेक्टर अशी जशीच्या तशी नक्कल बसतच नाही, सुमारे १० जीबी कमी पडतात. होम आखडून घेता आलं असतं, पण मग तीच चुकीची वाटणी नव्या डिस्कवर आली असती. त्यापेक्षा नवी पार्टिशनं करून त्यात फाइली भरणं बरं.

नवी वाटणी: रूट ४० जीबी, स्वॅप ४ जीबी, उरलेलं होम. बूट वेगळं नाही, रूटच्या आतच एक साधा फोल्डर. डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली नसेल तर असल्या यंत्रावर बूट वेगळं ठेवायला काही कारण उरलेलं नाही. ते जुन्या बायॉसच्या मर्यादांच्या काळातलं शास्त्र आहे. पार्टिशन टेबल डॉस पद्धतीचं ठेवलं, कारण साध्या बायॉसवर जीपीटी (नव्या पद्धतीचं टेबल) चालते पण ग्रबसाठी (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) १ एमबीचं वेगळं बायॉस-बूट पार्टिशन लागतं, आणि काही जुनी बायॉस तरीही नखरे करतात.

लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कला हात न लावता ज्यावरून यंत्र सुरू करता येतं तो) कोणता घ्यावा याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. हाताशी नवीन असेल तो लावतात. पण ई-टू-एफएस-प्रोग्ज या साधनसंचाच्या १.४७ आवृत्तीपासून ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टम, म्हणजे पार्टिशनवर फाइली मांडायची पद्धत) बनवताना ‘ऑर्फन फाइल’ आणि ‘मेटाडेटा सीसम सीड’ अशा दोन सुविधा मूळ प्रकल्पाने आपोआप चालू केल्या. डेबियन ११ मधलं १.४६ चं एफएससीके (फाइलसिस्टम तपासणारा प्रोग्रॅम) ‘ऑर्फन फाइल’ ओळखत नाही, आणि जुनी ग्रब दुसरी सुविधा पाहून ‘अननोन फाइलसिस्टम’ म्हणते. नव्या लाइव्हने बनवलेल्या घरात जुनी प्रणाली राहायला गेली की दारातच अडखळते. म्हणून लाइव्हही डेबियन ११ चाच घेतला. डेबियनच्या संग्रहात जुन्या प्रतिमा (पेनड्राइव्हवर उतरवायच्या आयएसओ फाइली) ठेवलेल्या असतात.

एसएसडी लॅपटॉपमध्ये, जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये, अशी मांडणी केली. यूएसबी २.० वर सेकंदाला तीसेक एमबी मिळतात. साठ जीबीला हिशेबाने अर्धा तास, पण बारीक फाइली भरपूर असल्यामुळे तासाच्या वर धरावं. जुनी पार्टिशनं फक्त वाचण्यापुरती माउंट केली. फाइलींची नक्कल करणाऱ्या आरसिंकला आर्काइव्ह, हार्डलिंक, एसीएल आणि विस्तारित ॲट्रिब्यूट जपणारे चारही पर्याय दिले. शेवटचा वगळला तर पिंगसारख्या काही प्रोग्रॅमचे अधिकार गळून पडतात, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

नक्कल झाल्यावर तीन जागी दुरुस्ती लागते. पहिली एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी): नवे यूयूआयडी (पार्टिशनांचे ओळखक्रमांक) ‘बीएलकेआयडी’वरून घेऊन लिहायचे आणि बूटची ओळ काढून टाकायची. ती ओळ राहिली तर प्रणाली नसलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहते आणि मग आणीबाणीच्या प्रॉम्प्टवर नेऊन सोडते. दुसरी, इटीसी फोल्डरातल्या इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या ‘कॉन्फ.डी’ मधली ‘रिझ्यूम’ फाइल. तिच्यात जुन्या स्वॅपचा यूयूआयडी असतो. न बदलल्यास यंत्र सुरू तर होतं, पण दर वेळी अर्धा मिनिट काळ्या पडद्यावर ताटकळत, ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ म्हणेपर्यंत. लोक याला ‘एसएसडी घालूनही यंत्र हळूच आहे’ समजतात. तिसरी ग्रब: डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर बाइंड माउंट करून सीएचरूटमध्ये (म्हणजे लाइव्हवरूनच एसएसडीवरच्या प्रणालीत) शिरायचं, ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, मग ग्रब-इन्स्टॉल संपूर्ण डिस्कवर, पार्टिशनवर नव्हे, आणि शेवटी ‘अपडेट-ग्रब’.

झाकण उघडलंच होतं तर आणखी दोन कामं उरकली. २ जीबीच्या जागी २ जीबीच्या दोन डीडीआर२ पट्ट्या, ८०० मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे ४ जीबी. चिपसेट ८ जीबीही पेलतो, पण ४ जीबीची डीडीआर२ पट्टी दुर्मीळ आणि मिळाली तरी यंत्राच्या किमतीला लाजवणारी. दुसरं काम मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ नाणेबॅटरीचं. ती संपली होती, त्यामुळे वीज गेली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात. अशा घड्याळावर ॲप्ट ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ म्हणून हटून बसतं आणि ब्राउझर प्रत्येक सरकारी संकेतस्थळाचं प्रमाणपत्र खोटं ठरवतो. नेट बंद आहे, अशी जी तक्रार वाचनालयात वर्षभर होती तिचं अर्धं मूळ या नाण्यात होतं.

११ वरून १२

११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही. म्हणजे आज्ञा चालते, पण डेबियन फक्त लगतच्या आवृत्तीवरून अपग्रेड तपासून देतं. दोन आवृत्त्या ओलांडल्या की पॅकेजांमधली अवलंबनं कशी सुटतील याला कुणी जामीन नाही. वेळ वाचवायला घेतलेली ही उडी शेवटी नव्याने बसवण्यात संपते.

आधी ११ शेवटच्या अपडेटपर्यंत नेलं. ‘डीपीकेजी --ऑडिट’ रिकामं आलं पाहिजे, ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ही. बॅकपोर्ट्‌सची आणि बाहेरच्या भांडारांची ओळ सोर्सेस.लिस्टमधून काढली. मग ‘बुल्सआय’च्या (११ चं नाव) जागी ‘बुकवर्म’ (१२ चं) केलं, सुरक्षेच्या ओळीतही. डेबियन १२ पासून फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग झाला आहे. फक्त जुना ‘नॉन-फ्री’ शब्द ठेवला तर अपग्रेड बिनतक्रार होतं, पण फर्मवेअरची पॅकेजं जुन्याच आवृत्तीवर गोठतात.

आता विजेचा प्रश्न. बॅटरी नसलेल्या लॅपटॉपवर पॅकेजं उलगडत असताना वीज गेली तर प्रणाली अर्धी इकडे, अर्धी तिकडे. म्हणून काम दोन दिवसांत तोडलं. आदल्या दिवशी ‘ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ने दीडेक जीबीची पॅकेजं फक्त उतरवून ठेवली. यात वीज गेली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरवर चार्जर लावून प्रत्यक्ष बसवणी. तरीही वीज गेलीच, तर परत सुरू झाल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमाने. बहुतेक वेळा एवढ्याने गाडी रुळावर येते. घाबरून पुन्हा पुन्हा बंद-चालू करणं मात्र टाळावं.

बसवणी डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये करायची नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर लॉगिन करायचं. अपग्रेडच्या मध्यात डेस्कटॉपची चौकटच बदलली जाते. ती कोसळली तर तिच्यातलं टर्मिनल आणि त्यातलं अपग्रेड दोन्ही जातं. पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्रॅमही आधी बंद करावा, नाहीतर सी लायब्ररी बदलल्यावर बरोबर पासवर्ड देऊनही तो उघडत नाही, अशी वेळ येते. आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज’, मग ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. पहिल्या पायरीत नवं पॅकेज आणावं किंवा जुनं काढावं न लागता जेवढं बदलता येतं तेवढंच बदलतं, त्यामुळे दुसऱ्या पायरीतली उलथापालथ कमी होते.

मधे मधे बदललेल्या सेटिंग फाइलींबद्दल प्रश्न येतात. ‘डी’ दाबून फरक पाहावा. आपण बदल केला आहे हे आठवत असेल तर जुनी ठेवावी, काहीच ओळखीचं वाटत नसेल तर नवी घ्यावी. नुसतं एंटर म्हणजे जुनी.

एका प्रश्नाला मात्र नुसतं एंटर महागात पडलं. ग्रबचं पॅकेज कोणत्या डिस्कवर बसायचं हे डिस्कच्या नावानिशी लक्षात ठेवतं. जुनी डिस्क आता जागेवर नाही हे पाहून त्याने निळ्या पडद्यावर विचारलं की आता कुठे बसू. समोर डिस्कची यादी आणि रिकाम्या चौकोनी खुणा. इथे स्पेसबारने एसएसडीसमोर खूण करून मग एंटर करायचं असतं. खूण न करता एंटर दाबलं गेलं, पाठोपाठ ‘ग्रब न बसवताच पुढे जायचं का’ याला होकारही. बूट फोल्डरातले ग्रबचे भाग नवे झाले आणि डिस्कच्या सुरुवातीला बसलेला गाभा जुनाच राहिला. पुन्हा सुरू केल्यावर दोघांची भाषा जुळेना: ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’.

दिसायला भयंकर असलं तरी यात डेटाला काही झालेलं नसतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून पुन्हा सीएचरूट, ग्रब-इन्स्टॉल, आणि यावेळी ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून यादीत एसएसडीवर खूण. ही शेवटची आज्ञा दिली नाही तर यंत्र आज उठतं आणि पुढच्या ग्रब अपडेटला पुन्हा झोपतं. खरं तर ती नक्कल झाल्या झाल्याच द्यायला हवी होती. या कामाची यादी करणाऱ्याने तिला एफएसटॅबच्या शेजारी लिहावं. केसिंगमधली जुनी डिस्कही जोडलेली असेल तर यादीत दोन्ही दिसतात, तेव्हा मॉडेलचं नाव वाचून खूण करायची, ‘एसडीए’-‘एसडीबी’वर भरवसा ठेवायचा नाही.

वायफाय आणि प्रिंटर

१२ सुरू झालं, डेस्कटॉप आला, वायफाय नाही. २०२१ मध्ये ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर बसवला होता. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी यंत्रावरच संकलित व्हावा लागतो, आणि त्यासाठी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ पॅकेज हवं. इथे फक्त जुन्या कर्नलचे हेडर होते. हेडर घालून तो पुन्हा चालला असता, पण या विशिष्ट चिपला कर्नलमधला ‘बी४३’ ड्रायव्हर पुरतो आणि तो कर्नलबरोबरच चालत राहतो. म्हणून वाट बदलली.

त्यात दोन खाचा आहेत. ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ नुसतं रिमूव्ह केलं तर मॉडप्रोबच्या फोल्डरातली, बी४३ ला काळ्या यादीत टाकणारी फाइल मागे राहते. पॅकेज गेलं, बंदी कायम. ‘पर्ज’च करावं लागतं. दुसरी खाच फर्मवेअरची. डेबियन १२ पासूनच्या अधिकृत प्रतिमांमध्ये फर्मवेअर असतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बी४३ चं फर्मवेअर पुनर्वाटपाच्या परवानगीअभावी त्यात नाही. ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे ‘कॉन्ट्रिब’ विभागातलं पॅकेज ते बसतेवेळी नेटवरून आणतं. म्हणजे वायफाय सुरू करायला आधी नेट हवं. लॅनची तार किंवा अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग, दोन्ही चालतं. फोनला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून पतपेढीपर्यंत सगळीकडे असलेला. त्याच्या पोटात फर्मवेअर राहत नाही, चालू केल्यावर दर वेळी संगणकाने भरवावं लागतं, आणि ते एचपीलिपच्या (लिनक्ससाठीचं एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) बंदिस्त प्लगइनमधून येतं. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपशी तंतोतंत जुळली पाहिजे. डेबियन ११ मध्ये ती ३.२१.२ होती, १२ मध्ये ३.२२.१०. त्यामुळे अपग्रेडनंतर कामं रांगेत जातात आणि कागद हलत नाही. ‘एचपी-प्लगइन’ चालवून नवं उतरवलं, प्रिंटर बंद-चालू केला, काम सुरू. दोन तास केबल बदलत बसण्याचं हे प्रकरण एका आज्ञेचं आहे.

१२ वरून १३

हे तुलनेने सरळ गेलं. कृती तीच, ‘बुकवर्म’च्या जागी ‘ट्रिक्सी’. मात्र दोन अपग्रेडमध्ये आठवडाभर अंतर ठेवलं, म्हणजे प्रिंटर आणि वायफायच्या तक्रारी कोणत्या पायरीच्या हे कळतं. ‘ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस’ने भांडारांची यादी नव्या ढंगात आणली. ते सक्तीचं नाही.

लहान रॅमच्या यंत्राला भिडणारा बदल एकच: १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचा ‘टीएमपी’ फोल्डर डिस्कवर न राहता रॅममध्ये जातो, निम्म्या रॅमच्या मर्यादेपर्यंत. ४ जीबीत ही मर्यादा २ जीबी. जुन्या हस्तलिखितांची दोनशे पानं एका दमात स्कॅन करून पीडीएफ बनवणाऱ्या वाचनालयाला ती जाणवते. ‘सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ आणि पुन्हा सुरू, की फोल्डर परत डिस्कवर. जोडीला झेडरॅम-टूल्स घालून निम्म्या रॅमएवढा, रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप दिला. अल्गोरिदम एलझेड४ ठेवला. झेडएसटीडी जास्त दाबतो, पण या प्रोसेसरला ती मेहनत झेपत नाही.

वेगासाठी कर्नलला ‘मिटिगेशन्स=ऑफ’ द्या, असा सल्ला जागोजागी दिसतो. त्याने प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटींवरचे बंदोबस्त बंद होतात. या प्रोसेसरवर मेल्टडाउन या त्रुटीचा बंदोबस्त खरोखर महाग पडतो, कारण तो हलका करणारी पीसीआयडी सोय त्यात नाही. तरीही दिलं नाही. ज्या यंत्रावर येणारे-जाणारे बँकेचं नि आधारचं काम करतात तिथे ब्राउझरभोवतीचं कुंपण काढायचं नसतं.

मराठीचं काम

टायपिंगसाठी आयबस वगैरे न घालता एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्येच भारतीय गटातला मराठी इनस्क्रिप्ट पर्याय जोडला. वेगळा प्रोग्रॅम पार्श्वभूमीला चालत नाही आणि थोडी रॅम वाचते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र शिफ्ट-जे या कळीवरच्या ऱ ने येतो. इनस्क्रिप्ट न येणाऱ्यांसाठी तिथेच उच्चारानुसारी कगप मांडणी आहे.

खरी पंचाईत जुन्या यादीची. २००५ ते २०१२ मधल्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. फॉन्टची फाइल होममधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली की लिब्रेऑफिसमध्ये अक्षरं दिसतात, पण ‘ययाति’ शोधलं तर सापडत नाही, कारण फाइलीत मुळात इंग्रजी चिन्हंच साठवलेली आहेत. ती यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागेल. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. हे काम अपग्रेडने होत नाही आणि इथे ते झालेलंही नाही.

आता काय चालतं, काय नाही

लिब्रेऑफिस, पीडीएफ, अर्ज भरणं, दहा-बारा टॅबपर्यंत फायरफॉक्स: विनासायास. व्हिडिओ ४८० च्या दर्जापर्यंत ठीक. जीएम४५ मध्ये आजच्या व्हिडिओंचं उलगडणं करणारं हार्डवेअर उपयोगाला येत नाही, सगळा भार दोन कोअरवर पडतो, म्हणून १०८० वर चित्र अडखळतं आणि पंखा भिरभिरतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ या जुन्या, उलगडायला हलक्या व्हिडिओ प्रकाराची सक्ती करणारं एक्स्टेन्शन घातल्यावर ४८० आणखी सुरळीत झालं. व्हिडिओ मीटिंग फोनवरच घ्यावी.

ट्रिक्सीला नियमित आधार ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घकालीन आधार जून २०३० पर्यंत आहे. जुनी हार्डडिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. पिशवीवर तारीख, ‘डेबियन ११, चालू स्थितीत’ आणि खाली लाल पेनाने एक ओळ: यूएसबीला जोडली असताना ग्रब अपडेट करू नये.